वरणातील हळदीचे प्रमाण

एबर्डीन, स्कॉटलंड
१२ सप्टेंबर १९९४

ती. संतराममामा यांस,

सविनय जय भीम.

सुखरूप पोहोचले. टेलिफोन हे अपूर्ण वाक्ये बोलणाऱ्यांचे साधन आहे, हे आपले मत मला पाठ असल्यामुळे पूर्ण वाक्यांत कळवते. हे शहर राखाडी दगडाचे आहे, आकाशही त्याच दगडाचे असावे. प्रयोगशाळा उत्तम आहे. माझे टेबल खिडकीपाशी आहे, परंतु खिडकीतून दिसते ती दुसरी प्रयोगशाळा.

आपण विचारले होते की बंगळूरची पीएच.डी. असताना पुन्हा इतक्या दूर जाऊन नेमके काय करणार. तर ऐका. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगून असतात की रक्तातला प्रत्येक पदार्थ मेंदूत शिरू शकत नाही. त्याला आपण अडसर म्हणू, कारण आपणच म्हणत होता. आठवीच्या वर्गात आपण फळ्यावर लिहिले होते, ‘नवजात बाळाचा मेंदू म्हणजे अडसर नसलेले घर.’ मी विचारले, ‘मग तो अडसर कोण लावतो आणि केव्हा?’ प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून आपण सख्ख्या भाचीला तास संपेपर्यंत उभे केलेत. मामा, मी अजून उभीच आहे, फक्त वर्ग बदलला आहे.

काल शेजारच्या बाईंना जेवायला बोलावले. हिंदुस्थानी वरण पिवळेधमक असते, असे त्यांनी कुठेसे वाचले होते. माझे आईच्या पद्धतीचे पांढरे वरण पाहून त्यांना वाटले की मी त्यात काही घालायचे विसरले. साऱ्या महाराष्ट्राला हळद पुरवणाऱ्या गावची मुलगी बिनहळदीचे वरण का करते, याचे उत्तर मला इंग्रजीत देता आले नाही. मराठीतही येत नाही.

आईला आणि राणीला माझी आठवण सांगा. राणीला म्हणावे, ताईने सांगितले आहे, सोंगट्यांत लबाडी कमी कर.

आपली,
पल्लवी

———

वसमत, जि. परभणी
९ ऑक्टोबर १९९४

चि. पल्लवी हिस,

मामाचा जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र पोहोचले. विषयाची मांडणी बरी आहे, तथापि आकाशाच्या दगडाचे वाक्य अनावश्यक होते. शास्त्रज्ञाने उपमा वापरू नये. वापरलीच तर मी वापरतो तशी, वर्गात, फळ्यावर आणि परीक्षेत येईल अशी. पत्रास वीसपैकी अकरा गुण.

अडसराविषयी मी जे शिकवले ते पुस्तकाबरहुकूम होते आणि आहे. नवजात बाळाच्या मेंदूला संरक्षण नसते, हे मी सन १९६५ पासून सांगत आलो आहे. तुझ्या संशोधनाने तेच अधिक काटेकोरपणे सिद्ध होईल, याविषयी मला शंका नाही. तसे झाल्यावर माझा उल्लेख तळटीपेत केलास तरी पुरे.

तुझ्या आईच्या वरणाची चर्चा परक्यांशी करू नयेस. जनकाला हळदीचे वावडे आहे, हे तुला लहानपणीच सांगितलेले आहे. वावड्याला कारण नसते. शेजारची जिवनबाई आपल्या घराला ‘पांढऱ्या वरणाचं घर’ म्हणते, तेवढी प्रसिद्धी पुरेशी आहे.

राणीची प्रकृती ठीक. हात पूर्वीसारखेच तिचे ऐकत नाहीत आणि तिला ऐकूही कमी येते. तरी गेल्या रविवारी तिने मला सोंगट्यांत तीनदा हरवले. लबाडीचा पुरावा मिळाला नाही. तुझा निरोप मी तिला मोठ्याने वाचून दाखवला. ती जे बोलली ते घरच्यांनाच समजण्यासारखे होते आणि लिहिण्यासारखे नव्हते.

तुझा,
संतराममामा
एम.एस्सी., बी.एड., मुख्याध्यापक

———

एबर्डीन
२० मे १९९७

ती. मामा,

सविनय जय भीम.

गेल्या पत्रास तेरा गुण मिळाले, म्हणजे अडीच वर्षांत दोन गुणांची प्रगती. निवृत्तीपर्यंत मी उत्तीर्ण श्रेणीतून वर येईन असे दिसते. आपल्या की माझ्या, ते सांगत नाही.

आज मात्र बातमी आहे. ज्या प्राण्यावर मी काम करते तो ऑपॉसम, मुठीत मावेल एवढा, राखाडी. (आपण त्याला पत्रोपत्री उंदीर म्हणता, त्याबद्दल त्याच्या वतीने मी निषेध नोंदवते.) याची पिल्ले अर्ध्या शेंगदाण्याएवढी जन्मतात आणि आईच्या पोटाला चिकटून वाढतात. माणसाचे बाळ गर्भात ज्या अवस्थेत असते, त्या अवस्थेतला मेंदू इथे बाहेर, डोळ्यांसमोर पाहता येतो. पहिल्या दिवसाच्या पिल्लाच्या रक्तात मी एक प्रथिन सोडले आणि ते मेंदूत किती शिरते ते मोजले.

मामा, ते शिरत नाही. पहिल्या दिवशीसुद्धा नाही. अडसर आहे.

तीन वेळा करून पाहिले. मग शोधनिबंध लिहिला आणि पाठवला. तो परत आला आहे. परीक्षकाचे एक वाक्य भाषांतर करून देते: ‘न जन्मलेल्या जीवाचा मेंदू उघडा असतो हे सर्वज्ञात आहे, त्याअर्थी या प्रयोगात चूक असली पाहिजे.’ ही शैली मला ओळखीची वाटली. आपण इंग्रजी नियतकालिकांसाठी गुपचूप परीक्षण तर करीत नाही ना?

माझी इथली नेमणूक आणखी दोन वर्षांची आहे. हा निबंध छापला गेला नाही तर ती वाढणार नाही आणि मला दुसऱ्या कुणाचे तरी सर्वज्ञात सिद्ध करीत बसावे लागेल.

आपली,
पल्लवी

———

वसमत
२२ जून १९९७

चि. पल्लवी हिस,

जय भीम.

मी तो परीक्षक नाही, परंतु त्याच्याशी सहमत आहे.

बत्तीस वर्षे मान्य असलेली गोष्ट अर्ध्या शेंगदाण्यावर उलथवता येत नाही. उंदराच्या जातीचे पिल्लू म्हणजे माणसाचे लेकरू नव्हे. प्रयोग पुन्हा कर आणि चूक सापडेपर्यंत कर. तोवर निबंध कोठेही पाठवू नयेस. तुझ्या घाईचे मला आश्चर्य वाटले आणि थोडे दुःखही झाले. नवजात मेंदूला अडसर असतो, असे म्हणण्यापूर्वी तू त्याच्या परिणामांचा विचार केलेला दिसत नाही.

ज्या प्रयोगांवर हे ज्ञान उभे आहे, त्या मूळ प्रबंधाची प्रत मला पाठव. मूळ न वाचता मत देणे मी माझ्या विद्यार्थ्यांतही खपवून घेत नाही.

गुण दिलेले नाहीत.

संतराममामा

———

एबर्डीन
३ ऑगस्ट १९९७

ती. मामा,

प्रत सोबत आहे. मूळ जर्मन आहे, कठीण परिच्छेदांचे मराठी समासात लिहिले आहे. समासात लिहिल्याबद्दल गुण कापू नयेत. निळा रंग नवजात जनावरांच्या शिरेत सोडला, मेंदू निळा झाला, म्हणून अडसर नाही, असा सगळा युक्तिवाद आहे.

परिणामांचा विचार मी केला नाही, हे आपले वाक्य मला उमगले नाही. प्रयोगाचा परिणाम म्हणजे आकडा. आणखी कोणता परिणाम? आपण रागावलात की काय? आपला राग नेहमी शुद्धलेखनावर असतो, त्यामुळे हा राग ओळखायला मला वेळ लागला.

पल्लवी

———

वसमत
१६ नोव्हेंबर १९९७

चि. पल्लवी हिस,

जय भीम.

दिवाळीची सुट्टी मी त्या जर्मन गृहस्थासोबत घालवली. तुझे भाषांतर अचूक आहे, दोन ठिकाणी क्रियापद चुकले.

गृहस्थाविषयी मात्र माझे मत अत्यंत वाईट झाले आहे. पृष्ठ चारवरील तक्ता पाहा. जनावराचे वजन दिले आहे, द्रावणाची तीव्रता दिली आहे, परंतु एकूण रंग किती सोडला ते कोठेही एकत्र दिलेले नाही. मी ते काढले. तेच प्रमाण राणीच्या वजनाच्या माणसाला लावले, तर दोन तांबे निळा रंग शिरेत ओतावा लागेल. दहावीच्या मुलाने प्रात्यक्षिकात एवढा रंग वापरला असता, तर मी त्याला वर्गाबाहेर काढले असते. रक्तात रंग धरून ठेवणारी प्रथिने असतात, ती मोजकी असतात. इतक्या रंगाला ती पुरतील कशी? उरलेला सुटा रंग वाट फुटेल तिकडे जाणारच. त्यातून अडसराविषयी काहीच सिद्ध होत नाही. फार तर एवढेच सिद्ध होते की ओतणाऱ्याच्या हाताला माप नव्हते.

अशा ढिसाळ माणसाच्या आधारावर इतकी वर्षे पुस्तके निघाली, हे लज्जास्पद आहे. तू असे काम करू नयेस.

गणित मी दोनदा तपासले आहे.

संतराममामा

———

एबर्डीन
१४ फेब्रुवारी १९९९

ती. मामा,

सविनय, सादर, साष्टांग जय भीम.

आपल्या त्या पत्रानंतर सव्वा वर्ष मी फारसे लिहिले नाही, कारण मी आपण सांगितलेले करीत होते. तोच निळा रंग, तशीच नवजात जनावरे, फक्त प्रथिनांना झेपेल एवढाच रंग. मेंदू पांढराशुभ्र राहिला, आईच्या वरणासारखा. मग रंग हळूहळू वाढवत नेला. प्रथिने अपुरी पडली त्या क्षणापासून निळसर झाक दिसू लागली. प्रौढ जनावरातही तसेच झाले. म्हणजे अडसर दोघांतही आहे. फरक फक्त ओतणाऱ्याच्या हातात होता.

निबंध स्वीकारला गेला आहे. नेमणूक वाढली आहे. तळटीपेत आपले नाव आहे: ‘प्रमाणाकडे लक्ष वेधल्याबद्दल श्री. संतराम खिल्लारे, वसमत, यांचे आभार.’ आपल्याला तळटीप हवी होती, ती मिळाली. मात्र आपले म्हणणे सिद्ध केल्याबद्दल नव्हे, मोडीत काढल्याबद्दल. चौतीस वर्षे जे शिकवले ते स्वतःच्या गणिताने उलथवणारा मुख्याध्यापक मराठवाड्यात दुसरा नसेल.

आता एक गंभीर गोष्ट. हे सगळे लिहिताना मला राणी सारखी आठवत होती. बाळाच्या काविळीतही हेच घडते. तो पिवळा रंग बाहेरून येत नाही. बाळाच्याच रक्तपेशी फुटून तो तयार होतो, आणि प्रथिनांना आवरेनासा झाला की सुटा रंग मेंदूत जातो. आपणच एकदा सांगितले होते की राणी जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी पिवळी झाली. दुसरे अपत्य, इतकी लवकर आलेली कावीळ: अशा वेळी बहुधा आईचा रक्तगट निगेटिव्ह निघतो. आईचा रक्तगट तपासून घ्याल का? ती हळदीसारखीच या विषयालाही हात लावू देत नाही, म्हणून आपल्याला सांगते.

या पत्रास सोळापेक्षा कमी गुण मी स्वीकारणार नाही.

आपली,
पल्लवी

———

एबर्डीन
१० ऑक्टोबर १९९९

ती. मामा,

आठ महिने झाले. मध्ये पाठवलेली दोन पत्रे आणि एक भेटकार्ड यांनाही उत्तर नाही. मी तर्क केला की मे महिन्यात वसमत परभणीतून निघून नव्या हिंगोली जिल्ह्यात गेले, आणि जुन्या जिल्ह्याच्या पत्त्यावर आलेले पत्र स्वीकारणे आपल्याला तत्त्वतः मान्य नसावे. म्हणून या पाकिटावर ‘जि. हिंगोली’ ठळक लिहिले आहे.

नाइलाजाने मी जिवनबाईंच्या घरी टेलिफोन केला, क्षमा असावी. त्या म्हणाल्या, ‘गुरुजी येतेत की रोज. बसतेत. जनकाबाईकडं बघतेत आन उठून जातेत. काहून असं करून राहिलेत, इचार बाई तूच.’

मी उलथवले त्याचा राग आला असेल, तर गणित आपले होते, हे नम्रपणे लक्षात आणून देते. चूक माणसाकडून होते. आपल्याकडूनही एखादी व्हायला आता हरकत नाही. निवृत्तीला सहाच महिने उरले आहेत.

पल्लवी

———

वसमत, जि. हिंगोली
५ डिसेंबर १९९९

चि. पल्लवी हिस,

जय भीम.

तुझी सर्व पत्रे मिळाली. टपालखात्याचा दोष नाही.

जनकाचा रक्तगट मी मार्चमध्येच तपासून घेतला. रक्तदान शिबिर आहे असे सांगून तिला नेले. ओ निगेटिव्ह. तो कागद तेव्हापासून माझ्या खिशात आहे. तुला कळवला नाही आणि तिलाही सांगितलेला नाही. कारण लिहितो. हे पत्र मी चार वेळा लिहिले, ही पाचवी प्रत आहे.

तुझ्या आईला हळदीचे वावडे नाही. कधीच नव्हते.

सन १९६५च्या मार्चमध्ये राणी जन्मली. हळदीचा हंगाम होता. जनका दिवस भरेपर्यंत मोंढ्याच्या बाजारात हळद निवडण्याच्या कामावर जात होती. त्या बायांचे तळवे हंगामभर पिवळे असतात, धुऊन जात नाहीत, हे तू पाहिले आहेस. राणी दुसऱ्या दिवशी पिवळी पडली, तिसऱ्या दिवशी धनुष्यासारखी वाकून ताठ होऊ लागली. आळीतल्या बाया म्हणाल्या की आईच्या अंगातली हळद लेकरात उतरली. जनकाने ते मानले नाही. ती म्हणाली, ‘दादा येऊन राहिलाय औरंगाबादहून, त्याला इचारते. तो शिकलेला हाय.’

मी तेवीस वर्षांचा होतो. बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष. आळीतून कॉलेजात गेलेला पहिला. महिनाभरापूर्वी एका व्याख्यानात त्या निळ्या रंगाच्या प्रयोगाविषयी ऐकले होते. बाळंतिणीच्या खाटेपाशी उभे राहून मी तिला समजावून सांगितले की या बायांचे म्हणणे अडाणीपणाचे वाटले तरी शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे. बाळाच्या मेंदूला अडसर नसतो, आईच्या रक्तात आलेला रंग थेट आत जाऊ शकतो. निळ्याच्या जागी मी पिवळा घातला. उपमाही सुचली, अडसर नसलेल्या घराची. मला ती फार आवडली.

बायांचे ऐकून तिने हळद सोडली नसती. माझे ऐकून सोडली. मोंढ्याचे काम सोडले, वरणातली सोडली, तुझ्या लग्नाचा विषय निघाला की हळद लावणार कोण म्हणून तोही टाळू लागली. मी ‘वावडे’ हा शब्द शोधून काढला आणि सर्वांना तोच सांगितला.

ज्या प्रबंधाच्या आधारावर मी बोललो, तो प्रबंध तू पाठवलास तेव्हा मी प्रथमच पाहिला.

त्या जर्मन गृहस्थाला मी ढिसाळ म्हटले. त्याने निदान प्रयोग तरी केला होता.

जनकाला कसे सांगावे, हे मला समजत नाही. तू पत्राने सांगितलेस तर तिला अधिक पटेल. तू डॉक्टर आहेस.

संतराम

———

एबर्डीन
२ जानेवारी २०००

ती. मामा,

सविनय जय भीम.

आपले पत्र मी एकदाच वाचले. पुन्हा वाचण्याची गरज पडली नाही, यावरून ते किती स्पष्ट होते ते समजावे. मला राग आला. दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी मी वरण केले आणि त्याकडे पाहत बसले. मग राग थोडा पातळ झाला.

तरीही मी आईला लिहिणार नाही. आपल्या उत्तरपत्रिकेत चार प्रश्न सुटले आहेत, पाचवा कोरा आहे. तो तोंडी परीक्षेचा आहे आणि परीक्षक वसमतला चुलीपुढे बसतो. आपल्या जागी कुणी दुसऱ्याने जाऊन परीक्षा दिलेली आपण पस्तीस वर्षांत कधी चालवून घेतली का?

आपल्या तयारीसाठी मुद्दे देते. आईचे रक्त निगेटिव्ह आहे, माझे पॉझिटिव्ह, मी इथे रक्त देत असते. पहिले लेकरू सुखरूप जन्मते. पण त्याच्या जन्मावेळी आईच्या रक्ताला त्या परक्या गटाची ओळख होते, आणि ते दुसऱ्या लेकराच्या रक्तपेशींवर उलटते. हळदीचा यात कणभर संबंध नाही. कारण शोधत मागे गेलेच पाहिजे, तर ते माझ्या जन्मापाशी येऊन थांबते. आईने हे ऐकले तर काय म्हणेल याची मला जरा धास्ती आहे. पण लपवू नका. आपल्या घरात एक लपवलेली गोष्ट पस्तीस वर्षे वरणात शिजली, एवढे पुरे.

राणीचा मेंदू उघडा नव्हता, मामा. त्याला अडसर होता. फार रंग आला, एवढेच. सोंगट्यांत आपल्याला हरवण्याइतके तर त्याने राखले.

आपली,
पल्लवी

———

वसमत, जि. हिंगोली
१९ मार्च २०००

चि. पल्लवी हिस,

जय भीम.

तोंडी परीक्षा काल झाली. वृत्तांत देतो. जनकाचे शब्द तिच्याच बोलीत दिले आहेत. दुरुस्त करण्याचा मोह आवरला आहे.

सकाळी दहाला गेलो. ती चुलीपुढे होती, राणी तूर निवडत होती. वरणाला उकळी होती. मी उभ्यानेच आरंभ केला. रक्तगटाचा कागद दाखवला, मग निळा रंग, प्रथिने, अडसर, सर्व क्रमवार सांगितले. वीस मिनिटे लागली. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘म्हंजे हळदीनं न्हाई झालं?’

मी म्हणालो, ‘नाही.’

‘माज्या हातानं न्हाई झालं?’

‘नाही. मी चुकीचे सांगितले होते.’

‘मंग तवा कशाच्या आधारानं बोलले तुमी?’

मी म्हणालो, एका प्रबंधाच्या. तिने विचारले, वाचला होता का. मी म्हणालो, नाही. तिने पळी खाली ठेवली. ती आपल्या तळव्यांकडे पाहू लागली. मी खाली बसलो. उभे राहणे योग्य वाटेना.

मग म्हणाली, ‘हे तुमाला कळलं कवा?’

‘गेल्या मार्चमध्ये.’

‘वर्स झालं, दादा. शाळेत पोरगं वर्सानं पेपर घेऊन आलं तर घेता का तुमी?’

‘नाही.’

‘बराबर,’ ती म्हणाली.

मी तुझा मुद्दाही सांगितला, पहिल्या लेकराचा. लपवला नाही. तिने पुन्हा सांगायला लावला. मग विचारले, ‘म्हंजे पल्लवी आधी जलमली म्हनून?’ मी होय म्हणालो. ती म्हणाली, ‘मंग आता तिनं काय सोडायचं?’

पस्तीस वर्षांच्या अध्यापनात इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ती पुढे म्हणाली, ‘तिला लिवा, काई सोडू नको. एकीनं सोडलं तेवढं बास. आन लगीन करायचं तर कर म्हनावं, न्हाई तर नको करू. हळद लावायला मी हाय.’

इथपर्यंत राणीला किती ऐकू आले होते, सांगता येत नाही, परंतु ‘हळद’ हा शब्द तिने ओठांवरून ओळखला असावा. ती हसू लागली. भिंत धरत उठली, दारात गेली आणि जिवनबाईला हाक मारली. तिचे म्हणणे होते की हळद घेऊन ये, आमच्या घरात नाही. जिवनबाई वाटी घेऊन आली आणि दारातच थांबली. ‘हळद? या घरात? कोनी पडलं का, कुठं लागलं का?’ वरणासाठी हवी आहे हे समजल्यावर ती घाबरून मला म्हणाली, ‘गुरुजी, मी न्हाई सांगितलं बरं.’ मग उलगडा झाला. राणी गेली दहा-बारा वर्षे दर गुरुवारी जिवनबाईच्या चुलीपाशी बसून पिवळे वरण खाते. जनका म्हणाली, ‘मला म्हाईत हाय. नखं दिसतेत की. लेकराला कशाला तकलीफ? मी माजं माज्यापुरतं सोडलं व्हतं.’

नंतर तिने वाटी माझ्यापुढे सरकवली. ‘तुमी टाका.’

मी विचारले, ‘किती?’

‘अदमासानं.’

मी पुन्हा विचारले की चमचा कोणता, भरून की सपाट, डाळ किती आहे. ती म्हणाली, ‘दादा, लेकराच्या मेंदूचं अदमासानं सांगितलं तुमी. वरणाला काहून माप पायजे?’

मी तीन चमचे टाकले, भरून. तिघी पाहत होत्या. ते प्रमाण पाच-सहा पातेल्यांना पुरले असते, हे मला नंतर सांगण्यात आले. त्या जर्मन गृहस्थाविषयी मी जे लिहिले होते ते कृपया मागे घेतले असे समज.

आम्ही चौघे जेवलो. जिवनबाईने एक घास घेतला, माझ्याकडे पाहिले आणि पाणी मागितले. राणीने बोटे वर करून मला गुण दिले. किती, ते तिचे बोट स्थिर राहत नसल्याने नक्की सांगता येत नाही, पण चारच्या वर नव्हते. वरण कडू झाले होते.

जनकाने दोनदा वाढून घेतले.

तुझा मामा,
संतराम